मागोमे ते त्सुमागो गाइडसोबत एका दिवसात चालायचंय? मग दिवस शेवटाकडून मोजायला घ्या

जपानला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या यादीत हल्ली टोकियो, क्योटो, फुजीच्या जोडीला ही चाल हमखास असते. नाकासेंदो या जुन्या हमरस्त्यावरची दोन मुक्कामाची गावं, मागोमे आणि त्सुमागो, आणि त्यांच्या मधली आठेक किलोमीटरची डोंगरातली वाट. चाल अवघड नाहीये. सिंहगड पायथ्यापासून चढणाऱ्या माणसाला तर हा चढ म्हणजे अर्धा डावही नाही. तरी दर सीझनला तीच रड ऐकू येते, बस चुकली, बॅगा ओढत चढलो, जेवायला काही मिळालं नाही, त्सुमागोला पोचलो तर सगळं बंद. म्हणजे घोळ चालण्यात होत नाही, आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींत होतो. म्हणून इथे इतिहास आणि "अहाहा काय सुंदर" वगैरे बाजूला ठेवून फक्त क्रमाने काय करायचं ते लिहितोय.

१. दिशा आणि पत्ता आधी पक्का करा

मागोमेकडून त्सुमागोकडे चाला. उलटं नाही. कारण साधं आहे. मागोमे साधारण ६०० मीटर उंचीवर, मधली खिंड ८०० च्या आसपास आणि त्सुमागो ४२० ला. म्हणजे मागोमेहून निघालात तर दोनशे मीटर चढ आणि मग उतारच उतार, आणि त्सुमागोहून निघालात तर पावणेचारशे मीटरचा चढ, तोही बराचसा सलग. फिट लोकांना दोन्ही जमतं, पण आई-बाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर हा प्रश्न चर्चेचा नाहीच. एकच अपवाद, ज्यांचे गुडघे उतारावर दुखतात त्यांनी त्सुमागोहून चढावं, त्यांना चढ परवडतो.

गाइडवाल्या टूर बहुतेक मागोमेहूनच सुरू होतात, पण सगळ्या नाही. बुकिंगच्या पानावर दिशा लिहिलेली असते, ती वाचा.

आता पत्ता. मागोमे गिफु प्रांतात नाकात्सुगावा शहराच्या हद्दीत आहे आणि त्सुमागो नागानो प्रांतात नागिसो गावाच्या हद्दीत. हे एवढ्यासाठी सांगतोय की टोकियोत मेट्रोच्या आसाकुसा लाइनवर मागोमे नावाचं एक स्टेशन आहे, आणि टोकियोत बसून फोनवर नुसतं "मागोमे" टाकलं की मॅप मोठ्या आनंदाने तुम्हाला तिथे नेतो. लोक खरंच वीस मिनिटांचा रस्ता बघून "अरे किती जवळ आहे" म्हणून खूश होतात. नेहमी "मागोमे-जुकु" असं शोधा, जुकु म्हणजे मुक्कामाचं गाव.

दुसरा घोळ नाराई-जुकुचा. तेही त्याच हमरस्त्यावरचं सुंदर गाव, पण बरंच पुढे उत्तरेला, मात्सुमोतोच्या बाजूला. एका दिवसात मागोमे-त्सुमागो चालून वर नाराईही उरकायचं असा प्लॅन कुणी हातात ठेवला तर शांतपणे परत द्या.

✔ इथे तपासा: टूरची सुरुवात कुठे, शेवट कुठे, आणि शेवट म्हणजे त्सुमागो गाव की नागिसो स्टेशन? या दोन्हींमध्ये साडेतीन किलोमीटरचं अंतर आहे, आणि कित्येक टूर त्सुमागोतच "सायोनारा" करतात.

२. तारीख निवडा

एप्रिलचा उत्तरार्ध ते मे, आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य, हे उत्तम. एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालणारा गोल्डन वीक मात्र टाळा, सगळा जपान तेव्हा सुट्टीवर असतो. ऑगस्टच्या मध्यातला ओबोनही तसाच. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा. आपल्याला पावसाचं कौतुक असतं, पण इथल्या जुन्या दगडी फरशीच्या तुकड्यांवर पाऊस पडला की पाय कसा सटकतो ते उतारावर कळतं. सप्टेंबरात वादळं येऊ शकतात, तेव्हा कॅन्सलेशनचे नियम नीट वाचून मगच पैसे भरा.

डिसेंबर ते मार्च वाटेवर बर्फ आणि त्याहून वाईट म्हणजे गोठलेली फरशी असू शकते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्या नादी लागू नये. बसच्या फेऱ्या कमी, दुकानं बंद, सामान पोचवायची सोयही हिवाळ्यात बंद.

नोव्हेंबरात पानांचे रंग बघायला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ही दरी आहे, झाडीत त्याच्या बरंच आधी अंधारून येतं. आपल्याला संध्याकाळ म्हणजे सहा-साडेसहा अशी सवय, ती भारतात ठेवून या.

३. गाइड बुक करताना काय विचारायचं

आधी प्रामाणिक मत. वाट शोधायला गाइड लागत नाही. जागोजागी पाट्या आहेत, जपानीत आणि इंग्रजीतही, अंतरासकट. गाइड हवा तो दोन कारणांसाठी, एक म्हणजे घरांची रचना, गावातली काटकोनात वळणारी वाट, जुन्या चौकीची जागा हे सगळं कुणी दाखवल्याशिवाय नुसती जुनी लाकडं वाटतात, आणि दुसरं म्हणजे बस-ट्रेन-जेवण हे जपानीत सांभाळायची कटकट वाचते. यातलं काहीच नको असेल तर पैसे वाचवा आणि स्वतःचे स्वतः जा, खालचे टप्पे तुम्हालाही लागू आहेत.

गाइड दोन प्रकारचे. राष्ट्रीय परीक्षा पास होऊन परवाना घेतलेले, आणि बिनपरवान्याचे. २०१८ पासून जपानमध्ये परवाना नसतानाही पैसे घेऊन गाइड म्हणून काम करता येतं. बिनपरवान्याचा म्हणजे वाईट असं अजिबात नाही, कित्येक स्थानिक लोक फार छान सांगतात, पण तुम्ही कशाचे पैसे देताय ते माहीत असावं. तेव्हा बुकिंगआधी एक मेसेज टाका आणि हे विचारा:

- भेटायची जागा नेमकी कुठली? नागोया (जवळचं मोठं शहर) स्टेशन, नाकात्सुगावा स्टेशन की मागोमेचा बस स्टॉप? नागोया स्टेशन हे उत्तर आलं तर "कुठल्या गेटला" हेही विचारा, ते स्टेशन अवाढव्य आहे.
- किमतीत ट्रेन, बस, जेवण धरलंय का? बऱ्याचदा नसतं.
- गाइड परतीच्या ट्रेनपर्यंत सोबत असतो का?
- ग्रुप किती जणांचा? आणि कमीत कमी माणसं जमली नाहीत तर किती दिवस आधी रद्द करता?
- पाऊस असेल तर काय?
- सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसासाठी थांबता का, की दुपारची बस ठरलेली आहे?

शेवटचा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत आणि मग सासूबाई मागे आणि ग्रुप पुढे असं होतं. सोबत ज्येष्ठ असतील तर मिश्र ग्रुपपेक्षा फक्त तुमच्या घरच्यांसाठीचा गाइड घ्या, चार-पाच जणांत वाटला तर खर्चात फार फरक पडत नाही.

खाण्याचं पथ्यही याच मेसेजात लिहा, आदल्या रात्री नाही. कसं लिहायचं ते सातव्या टप्प्यात आहे.

⚠ टिप देऊ नका. जपानमध्ये ती पद्धत नाही, गाइड अवघडतो, परत द्यायला मागे धावतो. फारच आवडला तर आपल्याकडची छोटी मिठाई द्या, ती आनंदाने घेतात.

४. दिवस शेवटाकडून मोजा

हाच खरा कळीचा टप्पा. आपण लोक सकाळपासून पुढे मोजतो, आठला उठू, नऊला निघू, मग बघू. इथे आधी शेवटची सोयीची ट्रेन शोधायची आणि मग मागे मागे यायचं.

नागिसो हे छोटं स्टेशन आहे. शिनानो एक्सप्रेस नागोया-नागानो मार्गावर साधारण तासाला एक धावते, पण नागिसोला दिवसभरात मोजक्याच थांबतात. लोकल गाड्यांमध्येही मोठी मोठी गॅप असते. म्हणजे तुम्ही स्टेशनवर पोचलात आणि गाडी नुकतीच गेली, तर तास-दीड तास बाकड्यावर बसायची तयारी ठेवा. त्सुमागोहून नागिसोला येणारी बस दहा मिनिटांत पोचवते, पण तिच्याही फेऱ्या थोड्या, आणि वेळापत्रक सीझनप्रमाणे बदलतं. गेल्या वर्षी गेलेल्या मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट वापरू नका. आठवडाभर आधी ताजं बघा आणि फोटो काढून ठेवा.

मग असं मागे या. समजा नागिसोहून साडेचारच्या आसपासची गाडी धरायचीय. त्सुमागोतून बसने किंवा पायी स्टेशनवर यायचं, पायी असेल तर तास धरा. म्हणजे त्सुमागो सव्वातीनला सोडायचं. गाव बघायला निदान सव्वा तास, म्हणजे दोनच्या आत पोचायला हवं. चालायला थांबत थांबत तीन तास, म्हणजे मागोमेचं वरचं टोक अकराच्या आत सोडायचं. मागोमे गावात तासभर. म्हणजे बसमधून दहाच्या आत उतरायचं. नाकात्सुगावाहून बस अर्धा तास. नागोयाहून शिनानोने नाकात्सुगावा पन्नासेक मिनिटं. आता बघा, नागोया आठच्या सुमारास सोडावं लागतंय. "दहाला निघू आरामात" हे गणितात बसतच नाही.

टोकियोहून एका दिवसात जाऊन येता येतं का? येतं. नोझोमी या बुलेट ट्रेनने नागोया पावणेदोन तासांच्या आत, पण मग वरचं सगळं गणित त्याच्यापुढे लावून बघा, झोप आणि माणसं दोन्ही संपतात. आदल्या रात्री नागोयाला राहा. क्योटोहून त्यामानाने बरं, नोझोमीने नागोया पस्तीसेक मिनिटं.

जेआर पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे पास) असलेल्यांसाठी, शिनानो पासवर चालते, पण नोझोमीला पास असला तरी वरून जादा पैसे भरावे लागतात. मागोमेची बस पासवर चालत नाही. आणि फक्त या चालीसाठी पास घेऊ नका, सात दिवसांचा साधा पास २०२३ च्या ऑक्टोबरात ५०,००० येन झाला, नागोयाहून जाऊन येण्यात तो कुठूनही वसूल होत नाही.

✔ इथे तपासा: परतीच्या दोन गाड्या लिहून ठेवल्यात का? एक हवी ती, आणि एक त्याच्यानंतरची. शेवटची गाडी हा प्लॅन नसतो, ती फक्त संकटासाठी.

५. सामान आदल्या दिवशीच मार्गी लावा

चाकाची बॅग घेऊन ही वाट चालता येत नाही. दगड, पायऱ्या, मातीची पायवाट, सगळं आहे. तरी दरवेळी कुणीतरी मागोमेचा चढ खडखड करत बॅग ओढताना दिसतंच.

संध्याकाळी नागोयालाच परत येणार असाल तर बॅग हॉटेलात ठेवा, विषय संपला. पुढे मात्सुमोतो किंवा टोकियोला जाणार असाल तर आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून ताक्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरियरने, पुढच्या हॉटेलात पाठवा. साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून त्याच दिवशी सकाळी पाठवून रात्री हातात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये घ्या.

तिसरी सोय म्हणजे मागोमे आणि त्सुमागो दोन्हीकडच्या पर्यटन माहिती केंद्रांची, एकीकडे बॅग द्या, दुसरीकडे घ्या. ही वसंतापासून नोव्हेंबरपर्यंतच असते, आणि बॅग सकाळीच, साडेअकराच्या आत द्यावी लागते. दुपारी बाराला पोचून "प्लीज प्लीज" करून उपयोग नसतो. घ्यायलाही पाचच्या आत जायचं.

६. पायात आणि सॅकमध्ये काय

ट्रेकिंगचे जड बूट लागत नाहीत. ग्रिप असलेले, वापरून मऊ झालेले स्पोर्ट्स शूज पुरतात. नवे कोरे बूट जपानात घेऊन दुसऱ्या दिवशी इथे घालणं हा फोडांचा खात्रीचा उपाय. सपाट गुळगुळीत सोलचे स्नीकर्स आणि सँडल नकोत, दगडी फरशीवर ओली पानं पडलेली असतात.

सॅकमध्ये एक लिटर पाणी, हलका रेनकोट (छत्री झाडीत त्रास देते), एक पातळ स्वेटर कारण खिंडीत आणि सावलीत गार वाटतं, छोटा टॉवेल कारण कित्येक टॉयलेटमध्ये हात पुसायला काही नसतं, आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. कचऱ्याचे डबे वाटेवर नाहीत. केळ्याचं सालही परत आणायचं. "नैसर्गिक आहे, कुजेल" हा युक्तिवाद नको.

रोख पैसे! दोन्ही गावांतली बरीच छोटी दुकानं, चहाची ठिकाणं, बस, सगळीकडे येन लागतात, आणि सुटे लागतात. नागोयाला किंवा नाकात्सुगावाला कन्व्हीनियन्स स्टोअरमधल्या एटीएममधून काढून घ्या. माणशी पाच-सहा हजार येन खिशात असले की चिंता नाही, दहा हजारांच्या एकाच नोटेपेक्षा हजाराच्या नोटा आणि शंभराची नाणी बरी.

मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, झाडीत मधेमधे रेंज जाते. इमर्जन्सीला अँब्युलन्ससाठी ११९, पोलिसांसाठी ११०.

७. जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

इथे थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त हाल याच्यात होतात.

"आम्ही व्हेजिटेरियन आहोत" एवढं सांगून भागत नाही. समोरचा मान डोलावतो आणि मांस काढून टाकतो, पण सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्स) पातळ सॉसमध्ये, सूपमध्ये, उकडलेल्या भाजीत दाशी म्हणजे चवीसाठीचा अर्क असतो आणि दाशी बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो. त्यांच्या दृष्टीने ते मासे खाणं नाहीच, ती चव आहे. म्हणून गाइडला मेसेज करताना असं लिहा: मांस नाही, चिकन नाही, मासे नाहीत, माशाचा दाशी नाही, आणि अंडं-दूध चालतं की नाही ते स्पष्ट. कांदा-लसूण नको असेल तर तेही. एवढं लिहिल्यावर चांगला गाइड एकतर दुकानाशी बोलून ठेवतो किंवा सरळ सांगतो की इथे जमणार नाही, जेवण सोबत आणा. दुसरं उत्तर आलं तर रागावू नका, तो प्रामाणिक माणूस आहे.

चालणाऱ्यांसाठी स्थानिक खाणं म्हणजे गोहेइ मोची. शिजवलेला भात कुटून काडीवर थापतात, वर अक्रोड, तीळ, सोया सॉस किंवा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) गोडसर लेप, आणि निखाऱ्यावर भाजतात. पोटभरीचं आणि बऱ्याच ठिकाणी शाकाहारात बसणारं, पण लेपात दाशी आहे का ते विचाराच. ओयाकी म्हणजे भाजी किंवा गोड डाळीचं सारण भरलेली जाड पुरचुंडी, त्यात गोड सारणाची घेतली की सुरक्षित. शरद ऋतूत नाकात्सुगावाची कुरी-किंतोन मिळते, चेस्टनट आणि साखरेची मिठाई, ती बिनधास्त खा.

मुख्य जेवण मात्र सोबत ठेवा. दशम्या, धपाटे, मेथीचे ठेपले, चटणी, चिक्की, जे काही प्रवासात टिकतं ते. मुळात मागोमे-त्सुमागो वाटेवर कन्व्हीनियन्स स्टोअर नाहीये. ओनिगिरी (सारण भरलेला भाताचा गोळा) वगैरे घ्यायची तर नागोया किंवा नाकात्सुगावालाच. उमे, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी त्यातल्या त्यात बरी, तरी लेबल फोनच्या ट्रान्सलेटरने वाचून घ्या.

मांसाहारी लोकांनाही एक सूचना, जेवणाची दुकानं अकरा ते दोन-अडीच एवढीच चालू असतात आणि कधीही "आज बंद"ची पाटी लागते. तीनला त्सुमागोत पोचून गरम सोबा खाऊ हे गृहीत धरू नका.

⚠ गावातल्या रस्त्यावर चालत चालत खाऊ नका. दुकानासमोर उभं राहून खा, काडी तिथेच परत द्या.

८. सकाळ: नागोया ते मागोमे

१. शिनानो एक्सप्रेस पकडा, सुट्टीच्या दिवसांत सीट आधी रिझर्व्ह करून ठेवा. पैसे वाचवायचे तर जलद लोकलने सव्वा तास लागतो, एक्सप्रेसचं जादा भाडं पडत नाही.

२. नाकात्सुगावाला उतरा. इथेच टॉयलेट, एटीएम, पाणी, सगळं उरकून घ्या, पण आधी बस स्टॉप बघून या आणि मग बाकीचं. स्टेशनच्या समोरच बस लागतात. लोक उलट करतात, आधी कॉफी आणि मग धावाधाव.

३. बसमध्ये चढताना नंबराची चिठ्ठी मिळत असेल तर घ्या, उतरताना पुढच्या बोर्डवर त्या नंबरासमोरचं भाडं बघून चिठ्ठी आणि पैसे ड्रायव्हरजवळच्या डब्यात. सुटे नसतील तर तिथल्याच मशीनमध्ये हजाराची नोट मोडून मिळते, पण ते बस थांबलेली असताना आधीच करून ठेवा, सगळी बस तुमच्यासाठी खोळंबते तेव्हा फार ओशाळायला होतं.

गाइड नाकात्सुगावाला भेटणार असेल तर दहा मिनिटं आधी उभे राहा. तिथे "पाच मिनिटांत पोचतोय" हा मेसेज म्हणजे उशीरच, आणि बस ग्रुपसाठी थांबत नाही.

९. चाल

मागोमे गाव. बस गावाच्या खालच्या टोकाला सोडते आणि गाव म्हणजे एक लांबलचक दगडी चढ, दोन्ही बाजूला घरं-दुकानं. इथेच अर्धे लोक दमतात आणि दोन तास घालवतात. खरेदी नको, ती पाठीवर घेऊन आठ किलोमीटर जायचंय. माहिती केंद्रात थांबा, अस्वलांना लांब ठेवायला वाजवायची घंटा डिपॉझिट भरून भाड्याने मिळते, त्सुमागोच्या केंद्रात परत करायची. गाइडकडे बहुधा असतेच. गावाच्या वरच्या टोकाला जुन्या हुकूमनाम्यांच्या पाट्यांची जागा आहे आणि तिथून जवळच बघायची मोकळी जागा, हवा स्वच्छ असेल तर २,१९१ मीटरचा एना डोंगर समोर दिसतो. फोटो इथे काढा. टॉयलेटला इथे जा.

✔ इथे तपासा: घड्याळ. अकरा वाजून गेलेत? मग पुढे चहाला कमी थांबायचं, गावात घालवलेला वेळ उतारावर पळून भरून काढायचा नाही.

खिंडीपर्यंत. दोन-सव्वादोन किलोमीटरचा चढ, मध्ये छोटी वस्ती लागते, पाऊण ते एक तास धरा. या भागात जुनी वाट गाडीरस्त्याला परत परत छेदते. पाटी बघूनच ओलांडा आणि गाड्या डावीकडून धावतात हे आपल्याला सवयीचंच आहे, तरी वळणावर कान उघडे ठेवा. गाडीरस्त्यानेच सरळ चालत राहायची चूक इथे होते, बोलता बोलता पाटी सुटते. पाच-सात मिनिटं डांबरावरच चालताय आणि पाटी दिसली नाही, तर मागे फिरा.

खिंड म्हणजे काही शिखर नाही. डांबरी रस्त्याच्या कडेला एक चहाचं दुकान आणि खांब, बस. दृश्याची अपेक्षा ठेवलीत तर हिरमोड होईल, खरी मजा पुढच्या उतारावर आहे.

खिंडीपासून चहाच्या घरापर्यंत. आता खरं जंगल, सरळसोट उंच हिनोकी आणि सुगीची झाडं. वाटेत खांबाला टांगलेल्या घंटा दिसतील, त्या शोभेच्या नाहीत, जोरात वाजवा. या डोंगरात काळी अस्वलं आहेत आणि आवाज आला की ती सहसा स्वतःच बाजूला होतात. अचानक समोर माणूस दिसणं हेच त्यांना नको असतं. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने चालू नये, आणि कानात इयरफोन घालून तर अजिबात नाही.

थोडं खाली इचिकोकुतोचीचं जुनं चहाचं घर लागतं, शेजारी लाकडाच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या जुन्या चौकीची जागा. आत स्वयंसेवक चहा देतात. पैसे मागत नाहीत, डब्यात खुशीने थोडी नाणी टाका. घरून आणलेलं खायला हीच जागा मला सगळ्यात पटते, पण आतल्या माणसाला विचारून, आणि पाय पसरून दुपार काढायची नाही, मागून येणाऱ्यांना बसायचं असतं. अंगणातल्या चेरीला एप्रिलच्या मध्यानंतर फुलं येतात.

धबधबे आणि उतार. पुढे ओदाकी आणि मेदाकी ही धबधब्यांची जोडी, मुख्य वाटेपासून जरासं आत. दहा-पंधरा मिनिटं पुरे. दगड शेवाळलेले असतात, सेल्फीसाठी पाण्याजवळ उतरू नका. इथून पुढे उताराचा दगडी भाग, पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकवून, आणि गप्पा थोड्या आवरा. पडापडी होते ती चढावर नाही, इथे, जेव्हा "झालंच आता" असं वाटायला लागतं.

मग ओत्सुमागो ही छोटी वस्ती लागते. बरेच जण हेच त्सुमागो समजून "एवढंसंच?" म्हणतात. नाही, अजून पुढे चाला.

⚠ वाटेवरची अंगणं, ओटे, भाज्यांचे वाफे हे लोकांचे आहेत. लाकडी जाळीतून आत डोकावू नका, गाइड तोंडाने काही बोलणार नाही पण त्याचा चेहरा बघा.

१०. त्सुमागोत काय आधी, काय नंतर

पोचल्या पोचल्या खरेदीला लागू नका. क्रम असा: माहिती केंद्र (घंटा परत, बॅग असेल तर घ्या, बसची वेळ परत विचारा), मग वाकिहोंजिन ओकुया हे जुनं मोठं घर आतून बघा, तिकीट आहे, आणि ते दुपारी उशिरा बंद होतं म्हणून आधी. मग रस्ता, पाणचक्की, हुकूमनाम्यांची पाटी, आणि शेवटी दुकानं. लाकडी कंगवे, हिनोकीच्या वस्तू हलक्या असतात, न्यायला सोप्या.

दुकानं चार-पाचच्या दरम्यान पटापट मिटतात. बस स्टॉप जुन्या रस्त्यावर नाही, त्याला समांतर असलेल्या खालच्या गाडीरस्त्यावर आहे, उजेड असतानाच बघून ठेवा.

११. परत जाताना

बस वेळेवर असेल तर बस. नसेल आणि उजेड असेल तर नागिसो स्टेशनपर्यंत चाला, वाट पाट्यांची आहे, बरीचशी सोपी. स्टेशनवर गाडीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ असेल तर जवळच किसो नदीवरचा मोमोसुके पूल बघून या, १९२२ चा २४७ मीटर लांबीचा लाकडी झुलता पूल.

नागिसोला आयसी कार्ड (गेटवर टॅप करायचं प्रीपेड कार्ड) चालेलच असं धरू नका, नागोयाहून येतानाच परतीचं कागदी तिकीट काढून ठेवलेलं बरं. नाकात्सुगावापर्यंत कार्ड टॅप करून आलात तर तिथे टॅप करून बाहेर पडायला विसरू नका, नाहीतर ते कार्ड पुढच्या गेटला अडकतं.

आणि बस चुकलीच, पाऊस आलाच, कुणाचा पाय मुरगळलाच, तर टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून मिळत नाही, बोलवावी लागते. माहिती केंद्र उघडं आहे तोवर, म्हणजे पाचच्या आत, तिथे जाऊन सांगा, ते फोन करून देतात. पाचनंतर जवळच्या एखाद्या उघड्या मिनशुकुच्या (घरगुती मुक्कामाची जागा) दारात जाऊन विचारा, फोनवर "नागिसो स्टेशन, टॅक्सी" एवढं जपानीत टाइप करून दाखवलं तरी पुरतं.